शेपूट आधी की पत्रा आधी

ज्योत्स्ना ओव्हाळ सकाळी बेगडेवाडी स्टेशनवर उभी दिसली की ओळखीचं कुणी ना कुणी विचारायचंच, "काय ताई, ड्युटी संपली ना तुमची? मग निघालात कुठं?"

"मळवलीला. विमान बांधायला."

विचारणारा हसायचा. पहिली दोन वर्षं तीही हसायची. तिसऱ्या वर्षी मात्र तिला त्या प्रश्नाचाच वैताग यायला लागला, कारण विमान पुढं सरकत नव्हतं, आणि ते का सरकत नाही हे फलाटावर उभं राहून कुणाला समजावण्यासारखं नव्हतं.

तिची सगळी नोकरी देहूरोडच्या एका लष्करी वर्कशॉपमध्ये पत्र्याच्या कामात गेली. आयटीआय करून लागली तेव्हा त्या शेडमध्ये ती एकटी बाई. दुसऱ्यानं रिव्हेट मारायचा आणि हिनं पत्र्यामागून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, एवढंच काम तिला दिलेलं. धरता धरता कान तयार झाला. रिव्हेट बसला की नाही हे ती न बघता, नुसत्या आवाजावरून सांगायला लागली. पुढं रिव्हेट मारणारीही तीच झाली, आणि कितीतरी नवे कामगार तिच्या हाताखाली शिकून गेले. निवृत्तीनंतर नवरा प्रदीप टीव्हीसमोर बातम्या लावून बसायचा आणि ती घरभर फिरून दारांच्या सैल बिजागऱ्या आवळायची. बिजागऱ्या संपल्या.

अशात जुन्या साहेबांच्या ओळखीनं सुहास खासनीस तिला शोधत आले. चिंचवडच्या कारखान्यात खरेदी विभागात आयुष्य काढलेले, आता लोणावळ्यात राहणारे, साठी ओलांडलेले गृहस्थ. त्यांनी दोघं बसतील असं विमान परदेशातून सुट्ट्या भागांत मागवलं होतं. पेट्यांमध्ये पत्रे, नळ्या, हजारो रिव्हेट आणि उशीएवढं जाड माहितीपुस्तक. मळवलीजवळच्या भाजे गावातल्या गोरखची बंद पडलेली पोल्ट्रीची शेड त्यांनी कामासाठी घेतली होती.

"वाचन माझं चांगलं आहे, ताई," ते म्हणाले. "हात नाहीत."

हे सरळ कबूल करणारा माणूस तिला आवडला. ती हो म्हणाली.

पुस्तकात पहिलं काम शेपटाचं होतं. आडवा भाग, उभा भाग, त्यांना मागं जोडायच्या हलत्या झडपा. ते सगळं दोन वर्षांत झालं आणि जुन्या चादरींत गुंडाळून शेडच्या छताच्या कैच्यांना टांगून ठेवलं. नंतर विमानाच्या धडाचा मागचा निमुळता भाग तयार झाला. त्याच्यावरचा पत्रा तेवढा लावायचा राहिला. आणि तिथं गाडी अडली.

"पत्रा लावायच्या आधी शेपूट बसवून बघू," ज्योत्स्नानं फेब्रुवारीतच सांगितलं होतं. "बोल्टची छिद्रं कंपनीनं पाडलेली नाहीत, ती आपल्यालाच पाडायचीत. नट आतून आवळायचे. वरून उघडं आहे तोवर हात जातोय. झाकल्यावर काय करणार?"

"बरोबर आहे तुमचं," सुहासराव म्हणाले. "फक्त एकदा विचारून घेतो."

विचारून घेणं म्हणजे जगभरात अशी विमानं बांधणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्न टाकणं. कॅनडातला कुणी म्हणाला, आत्ताच बसवा. बंगळुरूचा एक म्हणाला, छे, विमान चाकांवर उभं राहिल्यावरच. ऑस्ट्रेलियाच्या बाईंनी दोनदा बसवून दोनदा काढलं होतं. दर सोमवारी सुहासरावांचं मत नवं असायचं, आणि प्रत्येक मतामागं एक अनुभवी माणूस असायचा. ज्योत्स्ना ओळंबा, पट्टी आणि क्लॅम्प पिशवीत घेऊन यायची आणि तशीच परत न्यायची. तिसऱ्या खेपेला तर आडवा भाग चादर सोडून खाली उतरवलेला होता, तेवढ्यात सुहासरावांचा फोन टुणकन वाजला.

"ताई, थांबू या का जरा? हा म्हणतोय की..."

"कोण म्हणतोय?"

"न्यूझीलंडचा."

"त्याला म्हणावं, ये हितं आणि धर एक टोक."

गोरख दारात उभा राहून ऐकत होता. रविवारी लेणी बघायला आलेली माणसं विमान बघायला त्याच्या शेडवर वळायची, त्यामुळं त्याचीही अब्रू पणाला लागली होती. "काका, मान्सं इचारत्यात, ह्ये होडी हाय का विमान? शेपूट लावा की! लावल्याबिगर कळत न्हाई ओ."

"गोरख, तू गप बस," दोघं एकदमच म्हणाले. त्या महिन्यात त्यांचं एकमत झालं ते तेवढंच.

एप्रिलच्या शेवटी ज्योत्स्ना भाचीच्या लग्नाला चार दिवस दौंडला गेली. परत येऊन शेडचं दार सरकवलं, तर धडाचा मागचा भाग वरून बंद. पत्रा बसवलेला, रिव्हेट मारलेले, वर फडक्यानं पुसून चकचकीत केलेला. शेजारी सुहासराव कौतुकाची वाट बघत उभे.

"मी आणि गोरखनं केलं. रिव्हेट बघा, एकसारखे आलेत."

तिनं बघितले. खरंच बरे आले होते, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. तिनं आडवा भाग उतरवायला लावला, जागेवर ठेवला, आणि बॅटरी घेऊन मागच्या तोंडातून आत डोकावली. पुढच्या बोल्टची जागा दिसत होती. हात घातला, तो कोपराच्या जरा पुढं जाऊन अडकला. सुहासरावांचाही अडकला. गोरखचा तर मनगटापाशीच.

"आता?" सुहासराव म्हणाले.

"आता तुमच्या ग्रुपवर विचारा. लांब हाताचा कुणी असेल तर पाठवून देतील." पिशवी उचलून ती निघाली. मळवली स्टेशनपर्यंत ती चालत गेली, आणि वाटेत मागून गोरखची मोटारसायकल आली तरी बसली नाही.

आठवडाभर ती गेली नाही. फोन वाजायचा, ती उचलायची नाही. प्रदीप म्हणाला, "विमान त्यांचं आहे. तू कशाला जिवाला लावून घेतेस?" यावर तिनं त्याला जे सुनावलं त्यानंतर त्यानं टीव्हीचा आवाज कमी केला. काम चुकलं याचा राग नव्हता. आपण चौतीस वर्षं पत्र्यात काढली, त्याच्यासमोर आहोत, सांगतोय, आणि हा माणूस न्यूझीलंडला विचारतोय!

आठव्या दिवशी सकाळी सुहासरावच बेगडेवाडीला दारात आले. चहा झाला, पण कप हातातच धरून बसले.

"ताई, ग्रुपचा काही दोष नाही," ते शेवटी म्हणाले. "तुम्ही 'आता बसवू' म्हणालात की मी 'नको' म्हणणारा माणूस शोधायचो. कुणीतरी सापडतोच."

"का पण?"

"रडरची, उभ्या भागामागच्या त्या झडपेची, पट्टी आठवते? मी छिद्र पाडलं होतं, ड्रिल घसरलं. नवी पट्टी यायला सात महिने लागले. ही तर बोल्टची छिद्रं. कडेपासून दोन मिलिमीटर हुकलं की अख्खा भाग वाया. ड्रिल हातात घेतलं की घाम फुटतो मला. रिव्हेट मारणं सोपं, म्हणून पत्रा लावून टाकला."

ज्योत्स्नानं विचारलं, "अहो, पण छिद्रं मी पाडणार होते ना?"

"तेच तर. माझं विमान, आणि महत्त्वाचं छिद्र दुसऱ्यानं पाडायचं हेही मनाला पटेना. आणि स्वतः पाडायची हिंमत नाही."

तिला कीव आली असती, पण तीन महिन्यांच्या लोकलच्या खेपा आठवल्या. "हे फेब्रुवारीत सांगायला तोंडाला काय झालं होतं?" ती ओरडलीच. स्वयंपाकघरातून प्रदीप बाहेर आला आणि पुन्हा आत गेला.

ज्योत्स्नानं पिशवी उचलली.

त्या दिवशी तिनं पुढच्या बाजूचे बेचाळीस रिव्हेट काढले. एकेकाच्या डोक्यात नेमकं ड्रिल टेकवायचं, डोकं उडवायचं, खालचं छिद्र मोठं होऊ द्यायचं नाही. दुपार झाली तोवर बोटं आखडली. पत्रा अर्धा उचलून वर बांधला. सुहासरावांना तिनं टाकाऊ पत्र्याची पट्टी आणि ड्रिल दिलं. "खुणेवर छिद्रं पाडा. मी थांब म्हणेपर्यंत." ती थांब म्हणालीच नाही. दुसऱ्या दिवशीही ते तेच करत होते.

तिसऱ्या दिवशी आडवा भाग जागेवर ठेवला. गोरखनं गवंड्याची पाण्याची नळी आणली, तिनं पातळी बघितली. दोन्ही टोकांपासून पुढच्या मधल्या खुणेपर्यंत पट्टी लावली तर डावं-उजवं सहा मिलिमीटरनं वेगळं. पत्र्यानं झाकून हे असंच आवळलं असतं तर विमान हवेत कायम एका अंगाला ओढ खात राहिलं असतं. सरकव, क्लॅम्प लाव, मोज. पुन्हा सरकव. नवव्या मापाला दोन्हीकडं सारखं आलं. तेवढ्यात सुहासरावांचा हात खिशाकडं गेला.

"फोनला हात लावलात तर मी घरी जाते."

त्यांनी हात बाहेर काढला. पहिली तीन छिद्रं तिनं पाडली. चौथ्यासाठी ड्रिल त्यांच्या हातात दिलं आणि स्वतः आत हात घालून मागून लाकडाचा ठोकळा धरला. ड्रिल फिरलं, थरथरलं, आरपार गेलं. तिनं कडेचं अंतर मोजलं. पुन्हा मोजलं.

"ठीक आहे," ती म्हणाली. सुहासराव गोरखच्या खाटेवर जाऊन बसले.

संध्याकाळपर्यंत उभा भागही वर चढला. शेडमधल्या त्या लांबोड्या डब्याचं पहिल्यांदाच विमान दिसायला लागलं. गोरखनं रस्त्यावरनं जाणारे चार जण बोलावून आणले. "आता इचारा, होडी हाय का?"

ज्योत्स्ना पाना घेऊन पुढं झाली. "चला, काढायचं."

"काढायचं?" सुहासरावांचा चेहरा उतरला.

"मग? शेपूट वर असताना पत्रा बसेल का? आणि पंख आल्यावर ह्या शेडमध्ये फिरायचं कसं? छिद्रं झाली, काम झालं. नट मी आतून पक्के करून टाकते, म्हणजे झाकल्यावर बोल्ट नुसते बाहेरून फिरवायचे. आता परत चादरीत."

"राहू दे ना, ताई. चार दिवस."

ज्योत्स्नानं शेपटावरून एकदा हात फिरवला. मग पाना पिशवीत टाकला. "गुरुवारपर्यंत. शुक्रवारी आल्यावर मला ते खाली दिसलं पाहिजे. आणि कुणाला विचारायचं नाही."