पिवळ्या चित्रासमोर आबा

अर्धांगाच्या झटक्यानंतर आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, हात आठवडाभरात हलायला लागला. वाचा मात्र गेली ती गेलीच. "येईल, कदाचित येणारही नाही," डॉक्टर म्हणाले. असल्या उत्तराचं काय लोणचं घालायचं? मी आबांना चोपड्याहून धुळ्याला माझ्या घरी आणलं.

त्यांच्या खाटेसमोर मी माझंच एक मोठं चित्र टांगलं. चित्र म्हणजे नुसता रंग. दाराएवढा पिवळा, कडेकडेनं तपकिरी होत गेलेला. झाड नाही, माणूस नाही. कॉलेजात पोरांना मी सांगते, यात काय आहे ते विचारू नका, समोर बसून तुम्हाला काय होतं ते बघा. आबांना शांत वाटेल याची मला खात्रीच होती.

झालं उलटंच. आबा तासन्‌तास तिकडे बघायचे आणि कासावीस व्हायचे. चमचा तोंडाशी नेला तरी मान वाकडी करून नजर तिकडेच. मला रागच आला. इतकी प्रदर्शनं भरवली, आणि घरच्याच माणसाला माझा रंग सोसवेना! खरं तर रागापेक्षा भीती मोठी होती. आबा आता माझ्याशी कधीच बोलणार नाहीत, असं सारखं वाटायचं.

दहाव्या दिवशी वैतागून मी चित्र उतरवायला स्टुलावर चढले. मागून घोगरा आवाज आला.

"करपा."

मी चित्र हातात धरून तशीच उभी राहिले. आबा त्या तपकिरी कडेकडे बोट दाखवत होते.

"करपा पडना, बाई. फवारा मार. नहीतं बठ्ठा बाग जाई."

जन्मभर केळी लावलेला माणूस. करपा हा केळीवरचा रोग; पान पिवळं पडून कडेनं वाळायला लागलं की त्यांची झोप उडायची. दहा दिवस ते माझ्या चित्रात अख्खा बाग मरताना बघत होते, आणि ते मला सांगू शकत नव्हते म्हणून तळमळत होते. एवढ्या वर्षांत माझं चित्र इतकं मन लावून कोणी पाहिलं नव्हतं.

मी स्टुलावरच बसकण मारली. हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही वाहत होतं.

"हा आबा, मारस फवारा," मी त्यांच्याच अहिराणीत कबूल केलं.

"कव्हय?" कधी मारणार, म्हणून आबा नेहमीसारखे खेकसले.