तात्यांच्या भिंतीवरचा सूर्य

हसायचं नाही हां, आधीच सांगून ठेवतो! पोरीच्या सोयरिकीत मी जी माती खाल्ली, ती आठवली की आजही कान तापतात.

मी बारामतीत शाळेवर चित्रकलेचा मास्तर. पोरीला शेळगावचं स्थळ आलेलं. पोरगा सोन्यासारखा, दोघांची पसंतीही झालेली. राहिलं होतं काय, तर आम्ही त्यांचं घर बघून यायचं आणि तात्यांनी, म्हणजे पोराच्या वडिलांनी, शेवटचा होकार द्यायचा. निघताना बायकोनं बजावलं, "कमी बोला. काळजीनं पोरगी काल जेवलीसुद्धा नाही."

बोललो का कमी? छे!

बैठकीत दिवाणाच्या वर एक मोठं चित्र होतं. पोहे संपले. मग तात्या एकदम म्हणाले, "सर, आमच्या वडलांनी साठ-पासष्ट वर्सांमागं पुण्यासनं आणलंय हे. ह्यात झाड न्हाय, घर न्हाय, मानूस न्हाय. तुमी जाणकार. सांगा, चीज हाय का रद्दी?"

रद्दी म्हणावं तर वडलांचा अपमान. चीज म्हणावं तर का, ते सांगायला हवं! उठलो, चष्मा पुसला, जवळ गेलो. हिरवे-पिवळे आडवे पट्टे, मातकट डाग, कोपऱ्यात वाचता न येणारी सही. त्या काळी बंगल्यात शोभेला लावायचे, तसलं अमूर्त निसर्गचित्र. बरं होतं, थोर नव्हतं. पण खालच्या बाजूला मधोमध एक गोल होता. तांबूस, चकचकीत, कडा विरघळलेल्या. मला तर आधारच सापडला!

"तात्या, सगळी किंमत ह्या मावळत्या सूर्यात आहे! बाकीचे पट्टे कुणीही मारेल. हा गोल एका दिवसाचं काम नाही. वर्षानुवर्षांची साधना आहे ही!"

बायकोनं चिमटा काढला. मी थांबतोय कसला? "झळाळी तरी बघा! असलं तेज मी कुठंच पाहिलं नाही."

पोराची मान खाली. तात्या खुर्चीतून सावकाश उठले, दिवाणावर जाऊन बसले आणि रोजच्यासारखे मागं रेलले. त्यांचं टक्कल त्या सूर्यात बरोबर बसलं. इंचभर इकडं नाही की तिकडं नाही!

"खोबऱ्याचं त्याल हाय ते," तात्यांच्या मालकीणबाई स्वयंपाकघराच्या दारातनं म्हणाल्या. "वीस वर्सं घासतीया, निघत न्हाय."

झालं, मोडलं लग्न! पोरीला आता कोणत्या तोंडानं सांगू? बायको तर माझ्याकडं बघेचना.

तात्यांनी डोळे मिटले. "सर, पोरगी पसंत हाय आमाला."

हुश्श! जीव भांड्यात पडला.

"पन एक अट हाय."

पडलेला जीव पुन्हा बाहेर! मी हात जोडले. "बोला तात्या. आमच्यानं होईल ते करू."

"नातवंडांस्नी चित्रकला तुमी शिकवायची न्हाय!"