मालकीणमावशींचा फिटनेस

मालकीणमावशींना काहीही विचारा, पहिलं उत्तर ‘नाय’. पाणी आलं का? नाय. दिलीप घरात आहे का? नाय. तेवढ्यात मागून दिलीप बनियनवर बाहेर यायचा, तरी मावशींच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. एकदा मी वैतागून म्हटलं, “मावशी, आधी प्रश्न तरी ऐकून घ्या.” तर म्हणाल्या, “बाय, हो बोललं का मानूस अडकतंय. नाय बोलून ठेवायचं, मंग बघू.”

सुकापुरात आम्ही त्यांच्या घरात भाड्याने राहत होतो. पनवेलच्या आजूबाजूची शेतं तेव्हा भराभर इमारतींखाली जात होती. मावशींच्या शेतावरही त्यांच्या नवऱ्याने मरायच्या आधी हे तीन मजली घर उभं केलं होतं. मुलगा दिलीप टेम्पो चालवायचा आणि मावशी खालच्या पायरीवर बसून सगळ्या बिऱ्हाडांवर राज्य करायच्या. सकाळी तव्यावर तंबाखू भाजून त्याची मिश्री करायची आणि ती बोटाने दातांना लावत तासभर बसायचं, हा त्यांचा नेम. तो वास जिन्यातून थेट माझ्या स्वयंपाकघरात यायचा. मी खिडकी आपटून लावायची आणि त्या खालून विचारायच्या, “काय फुटलं गं?”

चालताना मधेच थांबून कुणाला तरी झापायचीही त्यांना सवय होती. बाजारातून येताना कधी कोंबडीला, कधी रिक्षावाल्याला, कधी कुणाच्या सुनेला. आम्हाला वाटायचं, स्वभाव. एका दुपारी मात्र समोर झापायला चिटपाखरूही नव्हतं, तरी मावशी भिंत धरून उभ्या होत्या आणि त्यांचे ओठ निळे पडले होते. तेव्हा कळलं, बाईला दम लागतो आणि तो लपवायला ती भांडण काढते. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की लहानपणीच्या कसल्याशा तापाने हृदयातली झडप अरुंद झाली आहे. छाती उघडून नवी, धातूची बसवावी लागेल. पण त्याआधी शरीराला भूल आणि ऑपरेशन झेपेल का, ते बघायचं. त्याला हॉस्पिटलात सगळेच ‘फिटनेस’ म्हणत. दिलीप म्हणाला, “ताई, तुमी चला सोबत. आमाला डॉक्टरांचं बोलनं कलत नाय.”

फिटनेसला मावशी हळदीला निघाल्यासारख्या सजून आल्या. कडक नऊवारी, अबोलीचा गजरा, अंगावर होतं नव्हतं तेवढं सोनं. “आजारी दिसलो तं नापास करतील,” त्यांनी माझ्या कानात सांगितलं. रक्त, ईसीजी, एक्स-रे झाले. मग आम्ही भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंसमोर बसलो.

“चालताना दम लागतो?”

“नाय.”

“पायांवर सूज?”

“नाय.”

“उशीशिवाय सपाट झोपता येतं?”

“नाय.” डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. मावशींच्या लक्षात आलं. “म्हंजे येतं, येतं,” त्या घाईने म्हणाल्या.

“तंबाखू?”

“नाय.”

आता मात्र माझ्याच्याने राहवेना. म्हटलं, “मावशी, मिश्री लावता ना रोज.”

“ती काय तंबाखू हाय?” मावशी खरोखरच चकित झाल्या होत्या. “तिनी दात घासतात.”

त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या आईने, आजीने, साऱ्या आळीने मिश्रीनेच दात घासले होते. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि शांतपणे समजावलं. मिश्री पूर्ण बंद करायची. दातांच्या डॉक्टरकडे जायचं, किडलेले दात काढायचे, कारण तिथले जंतू रक्तातून नव्या झडपेवर जाऊन बसतात. श्वासाचा व्यायाम करायचा आणि मग पुन्हा यायचं. तोवर फिटनेस नाही.

परतताना टेम्पोत मावशी तोंड फिरवून बसल्या. “आमच्याच घरात रावून आमच्याच चुगल्या,” एवढंच बोलल्या. मीही काही कमी नाही. म्हटलं, “बरं, तुम्ही काळे दात घेऊन वर जा. आम्ही खाली मजेत राहू.” दिलीप बिचारा आमच्या भांडणात न पडता गाडी चालवत होता.

आमचा अबोला त्या व्यायामाच्या यंत्राने मोडला. प्लास्टिकची नळी, तिला जोडलेल्या डब्यात तीन चेंडू. श्वास घेतला की ते वर चढायला हवेत. मावशी पायरीवर बसून गाल फुगवून जीव खाऊन फुंकत होत्या आणि चेंडू जागचे हलत नव्हते. शेवटी त्या ओरडल्या, “दिल्या, मशीन खराब हाय. परत देऊन ये.” मी जिन्यातून बघत होते. जन्मभर चुलीत फुंकणीने जाळ केलेली बाई, नळी हातात आली की फुंकणारच! मी खाली उतरले. म्हटलं, “मावशी, फुंकायचं नाही, ओढायचं. शहाळ्यातलं पाणी ओढतो तसं.” त्यांनी ओढलं आणि एक चेंडू टुणकन वर गेला. त्याच्याकडे बघत त्या म्हणाल्या, “चढला गं मेला.” मग दोघींनाही हसू आवरेना.

हसता हसता त्यांना धाप लागली. ती ओसरल्यावर त्यांनी माझा हात धरला. “बाय, मना कापायची भीती नाय. पन भूल दिली, आन मंग जागच आली नाय तं?” इतके दिवस हे त्या कुणालाच बोलल्या नव्हत्या. मी म्हटलं, “म्हणूनच तर त्या बाई एवढं विचारतात. जाग यावी म्हणूनच विचारतात. तुम्ही खोटं सांगितलंत, तर त्या कशावर भरवसा ठेवतील?” मावशींनी नळी पुन्हा तोंडाला लावली.

त्यांनी मिश्री सोडली. सुटताना फार छळलं तिने. त्या लवंग चघळत आणि साऱ्या इमारतीवर डाफरत. दोन दाढा काढून आल्या त्या दिवशी रुमालामागूनही डाफरल्या. पुन्हा तपासणीला गेलो तेव्हा अंगावर साधं पातळ, गळ्यात काही नाही. या वेळी डॉक्टरीणबाईंनी विचारायच्या आधीच मावशींनी सगळं ओकून टाकलं. दम लागतो, पाय सुजतात, आडवं पडलं की गुदमरतं, उश्यांना टेकून बसूनच झोपते. डॉक्टरीणबाईंनी औषधं बदलली, थोडे दिवस थांबवलं, छाती पुन्हा ऐकली आणि म्हणाल्या, “आता करू या ऑपरेशन.” बाहेर येऊन मावशींनी मलाच विचारलं, “पास?”

ऑपरेशनच्या दिवशी दिलीप आणि मी बाकावर बसून होतो. तो सारखा उठून दरवाज्यापर्यंत जाऊन यायचा. शेवटी सर्जन बाहेर आले आणि म्हणाले, झडप बसली, सगळं नीट झालं. दिलीप लहान मुलासारखा रडला. पण मला अजून सुटका वाटेना. मला त्या जाग्या व्हायला हव्या होत्या. दुसऱ्या दिवशी आत सोडलं. मावशींचे डोळे उघडे होते. घशातली नळी नुकतीच काढली होती. खरखरत्या आवाजात त्या म्हणाल्या, “तुझा नवरा घरी उपाशी असंल. जा.” मी बाहेर येऊन भिंतीला टेकले आणि पोटभर रडून घेतलं. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

पुढे काही वर्षांनी आम्ही कामोठ्यात स्वतःचं घर घेतलं. निघायच्या दिवशी दुपारी सामान खाली गेलं होतं. मावशी वर आल्या आणि म्हणाल्या, “दमलीस. पड जरा.” उघड्या लादीवर आम्ही दोघी आडव्या झालो, उशीबिशी काही नाही. मावशींना लगेच झोप लागली. खोलीत पंखा नव्हता, भिंतीवर घड्याळही उरलं नव्हतं. तरी कुठून तरी बारीक टिकटिक ऐकू येत होती. मी जरा त्यांच्याकडे सरकले. ती त्यांच्या छातीतून येत होती. नवी झडप उघडत होती, मिटत होती. ती ऐकता ऐकता मलाही झोप लागली.