मुलीविना पालकसभा

पालकसभेला जायला आपलं मूल शाळेत असावं लागतं, ही समजूत आमच्या खालच्या मजल्यावरच्या भावजींनी साफ खोटी पाडली. जपानमधल्या आमच्या फुनाबोरीतली, आम्ही सोडून, झाडून सगळी मराठी मंडळी पोरांना भरमसाट फी भरून भारतीय इंग्रजी शाळेत घालत होती. या गृहस्थांनी मात्र बायकोशी महिनाभर भांडून मुलीला म्युनिसिपालटीच्या जपानी शाळेत घातलं. "वहिनी, इथे पोरं स्वतः वर्ग पुसतात! आपल्याकडे कलेक्टरची पोरं पुसतील का?" असं ते मला जिन्यात अडवून विचारत. माझा मुलगा त्याच शाळेत, दोन वर्ग पुढे, त्यामुळे मी त्यांची हक्काची श्रोती.

मग तो मोठा भूकंप झाला. बायको मुलीला घेऊन 'दोन आठवड्यांसाठी' पुण्याला गेली, आणि ते दोन आठवडे दोन वर्षं झाली तरी संपले नाहीत.

भावजींनी मनाशी ठरवून टाकलं, की बाप हजर राहिला तर मुलीची जागा राहते. असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. जपानीत त्यांना हसून मान डोलवण्यापलीकडे काही येत नव्हतं, त्यामुळे उलटंही कोणी सांगू शकलं नाही. सकाळी चौकात पिवळा झेंडा धरून मुलांना रस्ता ओलांडून द्यायची पालकांना पाळी असते. हे स्वतःची करत आणि वर दुसऱ्यांच्या मागून घेत. सत्र सुरू होताना प्रत्येक मुलाने घरून दोन फरशीपुसणी न्यायची. यांनी सासऱ्यांनी दिलेल्या कोऱ्या पंच्याची सहा शिवली, तीही तिरकी. क्रीडादिनाला पालकांच्या शर्यतीत शेवटचे आले आणि पहिला नंबर आल्यासारखे सगळ्यांना वाकून नमस्कार करत सुटले. आम्ही घरी पोट धरून हसायचो.

पुढे पुढे मला हसवेना. फोनवर मुलगी आधी त्यांच्याशी जपानीत बोलायची आणि हे न कळताही हसून हो-हो करायचे, मग इंग्रजीत, मग नुसतंच "बाबा, होमवर्क आहे." फोन ठेवून हे मला सांगायचे, "पुढच्या टर्मला येतायत." मला त्यांचा संतापच यायचा. "अहो, पुण्याला जा आणि समोर बसून विचारा एकदा," मी म्हटलं.

"आणि इथली सभा?" ते म्हणाले.

मार्चमध्ये मुख्याध्यापकबाईंनी त्यांना बोलावलं, आणि दुभाषी म्हणून मला. बाई उभ्या राहून एक आभारपत्र वाचू लागल्या, मी एकेक वाक्य मराठीत सांगू लागले. मुलीच्या आईने पहिल्याच उन्हाळ्यात पत्र पाठवून तिचं नाव शाळेतून काढून घेतलं, तरीही आपण दोन वर्षं शाळेसाठी निःस्वार्थपणे राबलात, हे सांगताना माझी जीभ अडखळली. शाळेला वाटत होतं, यांना ते केव्हाच ठाऊक आहे. भावजी कमरेत वाकले आणि त्यांनी दोन्ही हातांनी कागद घेतला.

 घराच्या दाराशी आल्यावर ते म्हणाले, "वहिनी, मला कळलंय हे हिला सांगू नका हं. फोनवर अजून म्हणते, बघू पुढच्या टर्मला. तेवढं तरी म्हणू दे तिला."

मी बरं म्हटलं, आणि वर येऊन खूप रडले.