समुद्रालाही तळ असतो

लहानपणी माझ्या मालकीचं एकच पुस्तक होतं आणि त्यात गोष्ट म्हणून एकही नव्हती. वडिलांनी ते नांदेडच्या स्टेशनवरच्या स्टॉलवरून आणलं होतं. जाड पुठ्ठा, गुळगुळीत रंगीत पानं आणि प्रत्येक पानावर जगातलं सगळ्यात काहीतरी. सगळ्यात उंच प्राणी, सगळ्यात छोटा पक्षी, सगळ्यात लांब नखं वाढवलेला माणूस. या नखवाल्याचा मला फार राग यायचा. हा भाकरी कशी मोडतो, आंघोळ कशी करतो, हे पुस्तकात कुठेच दिलं नव्हतं. तरी दिवसातून एकदा त्याचं तोंड पाहिल्याशिवाय मला चैन पडत नसे.

चित्रं काढणाऱ्याची एक युक्ती होती. जगाच्या दोन टोकांना असलेल्या वस्तू तो एकाच पानावर शेजारी शेजारी उभ्या करायचा. निळ्या देवमाशाच्या पोटाखाली हत्तींची रांग, देशोदेशीचे मनोरे एका ओळीत आणि त्यांच्या पायाशी मुंगीएवढा माणूस. पण माझी खरी वाचा बसली ती समुद्राच्या पानावर. समुद्रातल्या सगळ्यात खोल खड्ड्यात त्याने जगातलं सगळ्यात उंच शिखर नेऊन ठेवलं होतं. शिखर अख्खं बुडालं होतं आणि त्याच्या डोक्यावर अजून निळं पाणीच पाणी होतं. खाली आकडा लिहिलेला. ते पान उघडलं की मी खरोखर श्वास रोखून धरायची, आपणच पाण्याखाली असल्यासारखी.

नवा जिल्हा झाला तशी वडिलांची बदली लातूरला झाली. कचेरीत टेबलं यायची होती, पाट्या रंगवायच्या होत्या, नकाशे नव्याने निघत होते. पाऊस मात्र जुन्या जिल्ह्यातही नव्हता आणि नव्यातही नव्हता. आमच्या गल्लीत टँकर यायचा. घागरींच्या रांगेत बसून मी जगातल्या सगळ्यात जास्त पावसाच्या गावाचं पान मोठ्याने वाचायची. शेजारच्या काकू एकदा वैतागून म्हणाल्या, "बंद कर गं बाई ते, ऐकूनच तहान लागून राहिली." लगेच मी त्यांना गल्लीतल्या सगळ्यात रागीट बाई म्हणून पहिला नंबर दिला. तेव्हा मी सगळ्यांनाच नंबर देत सुटले होते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही गावी गेलो, हदगावच्या पुढे. पुस्तक मी पिशवीत न ठेवता एसटीत मांडीवर घेऊन बसले होते. गावात बौद्ध वस्ती खालच्या अंगाला, तिथं विहारासमोर ओटा आणि त्या ओट्यावर संध्याकाळी माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो. आबांना वाचता येत नव्हतं. पुस्तक त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं आणि चित्रं अशी पाहिली की मला माझ्याच पुस्तकाचा नव्याने अभिमान वाटला. हळूहळू वस्तीतली माणसं जमली, मग वरच्या गावातलीही येऊ लागली. एरवी संध्याकाळी विहाराच्या ओट्याकडे न फिरकणारी माणसं देवमाशाला पाहायला टाचा उंचावून उभी राहत. एकाने विचारलं, "येवढ्या माशाला तहान लागत न्हाई का?" मला उत्तर येत नव्हतं आणि याचं मला फार वाईट वाटलं.

समुद्राचं पान आलं तेव्हा आबांनी हाताने थांबवलं.

"समुद्राचा तळ लागला?"

"हो आबा."

"पाह्यला कोणी?"

"मोजलाय. आधी लांब तारेला वजन बांधून सोडायचे, मग आवाजावरून मोजायला लागले. आकडा दिलाय की खाली."

"पुन्हा वाच, माय," आबा म्हणाले. मी वाचलं. ते पुन्हा वाच म्हणाले. बाकीची माणसं नखवाल्याकडे चला म्हणत होती, पण आबा त्या पानावरून बोट उचलेनात.

त्याचं कारण त्यांनी मला रात्री जेवताना सांगितलं. गावाच्या मधोमध जुनी बारव होती, म्हणजे आत उतरायला दगडी पायऱ्या असलेली मोठी विहीर. सात बाजांचं सुंभ सोडलं तरी बारवेचा तळ लागत नाही, असं गाव पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलं होतं. बाज म्हणजे खाट आणि ती विणायची दोरी ते सुंभ. आबांच्या लहानपणी आमच्या माणसांना बारवेला हात लावायची बंदी होती. त्यांची आई घागर घेऊन काठापासून लांब उभी राहायची, कुणाच्या मनात आलं की तो वरून पाणी ओतायचा. एकदा आबांनी मान लांब करून आत पाहायचा प्रयत्न केला तेव्हा कुणीतरी हसून म्हणालं होतं, "बघतो काय? तुमच्या सात पिढ्यांना तिचा तळ दिसायचा न्हाई." पुढे धम्म स्वीकारला, बंदी गेली, वस्तीतल्या बायका बारवेवर जाऊ लागल्या. आबा मात्र कधीच गेले नाहीत. नदीच्या वाळूत झरा उकरून तिथलं पाणी प्यायचे.

"लई खोल हाय म्हणतात," आबा म्हणाले. "जल्मभर इचार करून राहिलो, किती खोल असंल. मरायच्या आधी येवढं कळावं." समुद्रालाही तळ असतो हे कळल्यापासून त्यांना धीर आला होता.

योग असा की वरच्या गावालाही बारव मोजायचीच होती, पण निराळ्या कारणाने. आपली बारव कोणत्या पानावर आहे असं त्यांनी मला विचारलं होतं आणि ती कुठल्याच पानावर नाही हे ऐकून सगळं गाव दुखावलं होतं. मग एकाने तोड काढली. लातूरच्या लोकांनी मागणी केली म्हणून त्यांना अख्खा जिल्हा मिळाला, मग आपल्या बारवेला एक पान का मिळू नये? आणि वस्तीतला माणूस जिल्ह्याच्या हापिसात असताना अडायचं काय? हे पुस्तक सरकार छापत नाही हे वडिलांनी परोपरीने सांगितलं. कुणाला पटलं नाही. शेवटी सुटका करून घ्यायला ते म्हणाले, "अर्जात आकडा लिहावा लागेल. आहे का आकडा?"

"मग मोजू की," आबा सगळ्यांच्या आधी म्हणाले.

बारवेला लागून असलेल्या मोठ्या घरातल्या म्हाताऱ्या मालकांनी आपली बाज पहिली दिली. मग मानाचा प्रश्न झाला आणि घरोघरून बाजा आल्या. सातवी आबांनी स्वतःची दिली. बारवेच्या काठावर बसून माणसांनी सातही बाजा उसवल्या, सुंभाला सुंभ जोडलं आणि टोकाला मालकांच्या घरचा वरवंटा बांधला. सुंभाचा ढीग माझ्या खांद्याला लागला. अख्खं गाव गोळा झालं होतं. आबा पहिल्यांदाच बारवेपाशी आले होते, पण काठापासून लांबच उभे राहिले, माझा हात धरून. मी घाबरले होते. माझ्या डोळ्यांपुढे ते बुडालेलं शिखर होतं. इथंही खाली तसंच काही असणार, याबद्दल मला काडीची शंका नव्हती.

मालकांनी वरवंटा सोडला. खाली पाणी वाजलं. सुंभ सरसरत गेलं, मग सावकाश गेलं आणि मग ढिलं पडलं.

"अडकला," कुणीतरी म्हणालं.

त्यांनी वर ओढून दुसऱ्या कोपऱ्यातून सोडला. पुन्हा तसंच. तिसरीकडून सोडला. ढीग माझ्या खांद्याएवढाच राहिला. गेलं होतं ते पहिल्या बाजेचं सुंभ आणि तेही अर्ध्याच्या वर उरलं होतं. एका बाजेला किती सुंभ लागतं हे त्या गावात प्रत्येकाला ठाऊक होतं, स्वतःच्या बाजा सगळेच विणायचे. पण सातांचं सुंभ आणि बारव यांचा हिशेब एकत्र घालून पाहावा असं आजवर एकाच्याही मनात आलं नव्हतं.

"लागला तळ," मालक हळूच म्हणाले.

वरवंटा वर आला तेव्हा त्याला काळाशार गाळ चिकटला होता. जो गाळ गावात कोणीच पाहिला नव्हता तो माणसं वाकून वाकून पाहत होती, एका बाईने तर हात जोडले. मला वाटलं होतं की माझा विरस होईल, पण उलटच झालं. समुद्राच्या तळाचं मी नुसतं चित्र पाहिलं होतं, हा तळ ओला होता आणि त्याला वास येत होता.

आबा पुढे झाले. त्यांनी चिमूटभर गाळ घेऊन बोटांत चोळला.

"येवढीच व्हय?" ते म्हणाले. मग मालकांकडे पाहून, अजिबात आवाज न चढवता, "येवढ्याशा पाण्यासाठी माझ्या मायला उभं केलं?"

आबांनी पायातल्या चपला काढल्या आणि बारवेच्या पायऱ्या उतरायला सुरुवात केली. शेवाळ सुकून काळं पडलं होतं, ते भिंतीला हात लावत सावकाश उतरत होते. त्यांना आधार द्यायला मालक लगबगीने मागून निघाले. घागरी घेतलेल्या दोघी-तिघी बायकाही त्यांच्या मागे पायरीवर आल्या.

आबांनी मध्येच वळून वर पाहिलं.

"थांबा जरा," ते म्हणाले. "मी पिऊन घेतो."

मालक थांबले. बायका थांबल्या. आबा शेवटच्या पायरीवर टेकले, ओंजळ भरून प्याले, तोंड धुतलं, डोक्यावर पाणी घेतलं, पुन्हा प्याले. त्यांना कसलीच घाई नव्हती, आणि ते वर येईपर्यंत सगळं गाव काठावर उभं होतं.