ज्या ताऱ्याकडे बघायचं नाही

गेल्या आठवड्यात एका ताऱ्यानं माझी झोप उडवली. तो आहे की नाही, हेच ठाऊक नव्हतं!

अवकाशातल्या दुर्बिणीनं अतिनील प्रकाशात आकाश तुकड्यातुकड्यानं टिपायचं, हे आमच्या लॅबचं काम. दुर्बिणीचा डोळा इतका नाजूक, की अतिनीलमध्ये फार तेजस्वी तारा समोर आला तर कायमचा जळणार. म्हणून प्रत्येक तुकडा आधी कुणीतरी ताऱ्यांच्या जुन्या नोंदींवरून तपासतं. लेकीसाठी घेतलेल्या लांबलचक सुट्टीनंतरचा पहिला तुकडा माझ्याकडं आला. एवढी धास्ती असल्यावर किस्से साचणारच, बेसिनमधल्या चहाच्या कपांसारखे.

*

सासूबाईंची शंका : "तारे गच्चीवरून दिसतात की. दुर्बीण वर कशाला?"

"आई, अतिनील प्रकाश वरची हवा अडवते. म्हणून तर आपली कातडी वाचते."

"म्हणजे ती बिचारी आपल्याला वाचवती, आन तुम्ही तिच्याच डोक्यावर चढून बघता व्हय!"

*

लॅब बघायला वेरूळहून एक काका आले. माझ्या सहकारी नसरीनला म्हणाले, "पोरी, यात सगळे तारे दिसतेत का?"

"नाय काका. ठळक दिसतात ते लई तापलेले. बहुतेक नुकते जन्मलेले, नाहीतर मरायला टेकलेले."

"मंग हे तर ग्रामपंचायतीचं जन्म-मृत्यू खातं झालं!"

*

मी तुकडा पुन्हा पुन्हा तपासत होते. आमचे लॅबप्रमुख सर म्हणाले, "मुदत संपत आली. जमत नसेल तर नसरीनला देऊ?"

एरवी मी 'चालेल' म्हणते. भाजीवाल्यालासुद्धा! त्या दिवशी तोंडातून निघालं, "नाही सर. तुकडा माझा आहे."

नसरीन कानाशी, "यार, तू भांडलीस? पार्टी दे!"

*

आणि तो सापडला! तुकड्याच्या अगदी कडेला. त्याचं तापमान पाहिलं आणि सरांना हाक मारली.

सरांनी वाकून पाहिलं. "हा? हा तर मिणमिणता दिवा."

"साध्या प्रकाशात, सर. अतिनीलमध्ये वाळूजच्या कारखान्यातलं वेल्डिंग आहे!"

सरांनी स्वतः गणित करून पाहिलं. मग चष्मा पुसत म्हणाले, "दुर्बीण जरा बाजूला वळवायला सांगा. आणि हिला आधी चहा द्या."

*

फोटो आला. देखणा, आणि दुर्बिणीचा डोळा शाबूत! मिठीला, माझ्या चार वर्षांच्या लेकीला, मांडीवर घेऊन दाखवला.

"हे बघ सगळे तारे. आणि इथं, फोटोच्या बाहेर, एक लई चमकणारा होता. आईनं त्याला फोटोत येऊच दिलं नाही!"

मी शाबासकीची वाट बघत होते. ती त्या रिकाम्या कडेकडे बघत राहिली.

"पण आई, तो तर नटून बसला असेल!"