मोटारीकडून बघ

माधव गेल्याचं सुनीतावहिनींनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी विचारलं, “म्हणजे आज तो शेडवर येणार नाही?” नवरा गेलेल्या बाईला असं कुणी विचारतं का! पण आदल्या संध्याकाळीच तर त्याचा फोन झाला होता. विंचूरच्या कांदा सुकवण्याच्या कारखान्याचं ड्रॉइंग माझ्या टेबलावर ठेवून तो घरी गेला होता. फोनवर म्हणाला, “एक गोष्ट बदललीये. उद्या आल्यावर सांगतो.” रात्री झोपेतच त्याचं हृदय थांबलं. आधी दुखत होतं का, कुणाला बोलला होता का... वहिनींनाही ठाऊक नाही. दीड महिना होत आला, मी अजून त्या ‘उद्या’पाशीच अडकलोय.

अंबडच्या शेडमध्ये आम्ही दोघांनी बावीस वर्षं ब्लोअर, म्हणजे कारखान्यांत हवा ढकलणारे मोठे पंखे, बनवले. तो आखायचा, मी पत्रा कापायचो. दुकानातला तयार पंखा जिथे महिन्याभरात मान टाकतो, तिथलं काम आमच्याकडे यायचं. भट्टीची धग, आम्लाची वाफ, कांद्याची चिकट भुकटी, सगळं. माधव आधी जागेवर जाऊन तासभर नुसता उभा राहायचा. मी चिडवायचो, मुलगी बघायला गेला होतास की काय? तो म्हणायचा, हवेला कुठे जायचंय ते कागदावर दिसत नाही.

ब्लोअर उजव्या हाताचा की डाव्या, म्हणजे तो कुठल्या बाजूला फिरणार, हे मोटारीच्या बाजूला उभं राहून ठरवतात. आमच्या पहिल्याच मोठ्या कामात मी ते समोरून बघितलं आणि सगळंच उलटं बांधलं. हवा बाहेर पडायचं तोंड थेट भिंतीकडे! मला वाटलं, संपली भागीदारी. माधवने ते पाहिलं, दोन चहा मागवले आणि त्याच ड्रॉइंगच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं, ‘मोटारीकडून बघ, गाढवा.’ त्यानंतर त्या ओळीशिवाय त्याचं एकही ड्रॉइंग माझ्याकडे आलं नाही. अरे, माझ्या पोरीचं लग्न झालं, आता तरी पुरे कर, असं मी कितीदा म्हणालो असेन. तो ऐकेल तर शपथ.

विंचूरच्या ड्रॉइंगवर ती ओळ नव्हती. आणि आधी ठरलं होतं त्यापेक्षा ब्लोअर उलट्या हाताचा होता. हीच का ती बदललेली गोष्ट? की थकलेल्या माणसाची चूक? की ड्रॉइंग अर्धवटच राहिलं होतं? चूक म्हणून मी बदलावं, तर बावीस वर्षांत कधी घेतली नाही ती शंका आता घ्यायची. जसंच्या तसं बांधावं आणि फसलं, तर त्याच्या शेवटच्या कामाला बट्टा. डोकं चालेना. आठ दिवस मी पत्र्याला हात लावला नाही.

शेवटी विंचूर गाठलं. तिथला मशीनवाला म्हणाला, “माधवसायेब शेवटचे आले त्या दिशी इथंच लय वेळ उभे व्हते. ही नवी शेड आधी नव्हती ना.” शेडमध्ये बायका कांदा निवडत बसल्या होत्या. आधीच्या बेताने गरम हवा भुकटीसकट त्यांच्याच तोंडावर गेली असती. नव्या ड्रॉइंगमध्ये तोंड मागच्या पडीक रानाकडे होतं. माझ्या जिवात जीव आला, आणि तिथेच त्या बायकांसमोर मला रडूही आलं.

ती ओळ त्याने का लिहिली नाही, ते मात्र अजून कळत नाही. आता याला सांगायला नको, असं वाटलं असेल? की त्या संध्याकाळी हातच चालला नसेल? यातलं काय खरं मानू? मला त्याच्याकडून मान नको होता, ती शिवीच हवी होती.

परवा तो ब्लोअर आमच्या शेडमध्ये चालवून बघायचा होता. चाचणीला माधव नेहमी मोटारीच्या बाजूला असायचा, मी समोर. सवयीने मी समोरच जाऊन उभा राहिलो. बटण दाबायला पलीकडून कुणी ‘सोड’ म्हणेना. मग ड्रॉइंग उघडलं आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या जागी मीच लिहिलं, ‘मोटारीकडून बघ, गाढवा.’ अक्षर वाकडंतिकडं आलं. कागदाची घडी खिशात घातली आणि पलीकडे, मोटारीच्या बाजूला जाऊन उभा राहिलो.